चवथीला येताना दोन्ही सीट घेऊनच ये

फोंडा, श्रावण

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू फोनवर विचारलेस की गाडीत सामान फार होते आहे, तेव्हा मुलांना गाडीत बांधून बसवायच्या सीट पुण्यालाच ठेवून येऊ का. आणि मी लगेच म्हणालो की ठेव, धाकटीला आजी मांडीवर घेईल. ते बोलणे मी मागे घेतो. दोन्ही सीट घेऊनच ये. जागा कमी पडली तर इतर सामान मागे राहू दे. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचे, सगळे इथल्या बाजारात मिळते.

फोन ठेवल्यावर मला ताईच्या भुवईवरचा व्रण आठवला. तू तेव्हा तान्हा होतास. काणकोणच्या घरी चवथीला जाताना बाळ्ळीपाशी रस्त्यात अचानक गाय आली, मी ब्रेक दाबला, आणि पुढच्या सीटवर आत्याच्या मांडीवर बसलेली ताई, आत्याने तिला दोन्ही हातांनी धरलेले असतानाही, निसटून डॅशबोर्डवर आपटली. वेग चाळिसाच्याही आत होता आणि गाडी कशावर आदळलीही नव्हती. दोन टाके पडले. देवाने वाचवले असे म्हणून आम्ही तो प्रसंग तेथेच सोडून दिला आणि परतताना ताई पुन्हा मांडीवरच बसली, याचे आज मला फार वाईट वाटते.

इतकी वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण हे गणित मी परवा प्रथमच मांडले. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या चौदापट जोर येतो; म्हणजे ९ किलोच्या आपल्या धाकटीला धरून ठेवायला आजीच्या हातांना त्या क्षणी सव्वाशे किलोंचा भार पेलावा लागेल. तो कोणालाही पेलणार नाही. शिवाय आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचे अंगही लेकरावरच येईल.

धाकटीची सीट मागे तोंड करूनच राहू दे. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. तोंड मागे असले की धक्का एकट्या मानेवर न येता पाठ, मान आणि डोके यांवर मिळून पसरतो. मुलांच्या सीटसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमानुसार पंधरा महिन्यांपर्यंत तरी असेच बसवावे लागते, आणि सीटच्या मापात बसते आहे तोवर त्यानंतरही बसवणे चांगले. ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागी कधीही लावू नकोस, कारण फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

थोरला आता बूस्टर, म्हणजे त्याची उंच बैठकीची सीट, नको म्हणतो, असे सूनबाई सांगत होती. त्याला समजावून सांग. मोठ्यांचा पट्टा त्याच्या कमरेच्या हाडांवर न राहता पोटावर सरकतो आणि धक्क्याच्या वेळी आतल्या अवयवांना इजा करतो. बूस्टर त्याला उंच करून पट्टा मांड्यांच्या वर, कमरेशी आणि खांद्याच्या मध्यावर आणतो. पाठ सीटला टेकून गुडघे कडेवर नीट वाकतात आणि पट्टा मानेला लागत नाही, अशी उंची येईपर्यंत बूस्टर सुटत नाही. बहुतेक मुलांना त्यासाठी १३५ ते १५० सेंटीमीटर व्हावे लागते. माझ्या जुन्या गाडीत मागे मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा आहे, तेथे बूस्टर चालत नाही, म्हणून तो खिडकीशी बसेल.

चोर्ला घाटातून तू काळजीने येशील, त्याची मला शंका नाही. मला भीती आहे ती इथे आल्यानंतरची. मंगेशीला जाऊन येऊ, पाच मिनिटांचेच तर आहे, रडते आहे तर घे जरा बाहेर, असे आमच्यापैकीच कोणीतरी म्हणेल आणि वडीलधाऱ्यांपुढे तुला नाही म्हणणे जड जाईल. तेव्हा माझे नाव सांग. कायदाही तुझ्याच बाजूने आहे: २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. रडलीच तर गाडी कडेला घेऊन थांबावे, तिला घ्यावे आणि पुन्हा बसवून निघावे. दर दोन तासांनी तसेही थांबायला हवे, कारण इतक्या लहान बाळाने सीटमध्ये सलग फार वेळ राहू नये.

पाऊस असला तरी रेनकोट घालून पट्टे बांधू नकोस, त्याच्या जाडीमुळे ते आवळल्यासारखे वाटतात आणि प्रत्यक्षात सैल राहतात. आधी बांध, मग वरून चादर घाल.

काणकोणला सगळे एका गाडीत मावणार नाहीत, म्हणून मी काकांना त्यांची गाडी काढायला सांगितले आहे. थोरल्याची उंची मोजून कळव, आणि धाकटीच्या सीटचे माहितीपत्रक आठवणीने आण. माझ्या गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या नाहीत, तेव्हा ती पट्ट्याने लावता येते की नाही ते आधी पाहावे लागेल.

तुझा,
बाबा