ताई, आता सेव्ह केलं की दिसतंय

प्रिय ताई,

कोड सेव्ह केला तरी ब्राउझरमध्ये बदल दिसायचा नाही, तो माझा घोळ तुम्ही पुण्यात बसून सोडवलात. वर फोनवर आभाराचा शब्दसुद्धा काढू दिला नाही, पैशाचं तर लांबच. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. इथं तुम्हाला मधेच तोडता यायचं नाही.

दहावीचा निकाल लागला की लातुरात काय धांदल उडते, ते उदगीरच्या माणसाला मी काय सांगावं! क्लासवाल्यांना वेबसाइटवर प्रवेशाचा फॉर्म आजच्या आज पाहिजे असतो आणि क्लासचे सर खुर्ची ओढून शेजारीच बसतात. ‘हे बटन थोडं मोठं करा. नाही, पहिलंच बरं होतं.’ आमचा फॉर्म पाच टप्प्यांचा. नाव, मार्क, नीट की जेईई, हॉस्टेल, आणि शेवटी फीचे हप्ते. सरांना खोट दिसायची ती कायम हप्त्यांच्या पानावर. म्हणजे कोडमध्ये एक ओळ बदलली की पान रिफ्रेश करा, आधीचे चार टप्पे पुन्हा भरा, मग बघा.

कोड सेव्ह केला की ब्राउझरमधलं पान आपोआप बदलणारं व्हीट बसवलेलं होतं, तरी फाइल सेव्ह केल्यावर ब्राउझर ढिम्म. कुठं लाल अक्षरात एररही नाही. एरर असती तर शोधता तरी आली असती. दोघा-तिघांना विचारलं, तर कुणी नोड, म्हणजे व्हीट ज्याच्यावर चालतं ते, नव्यानं टाकायला सांगितलं, कुणी लॅपटॉपच बदलायला.

तुम्ही मात्र आधी काहीच बदलू दिलं नाही. बदल कुठवर पोचतोय ते बघू, म्हणालात. फाइल सेव्ह झाली, हे फाइलींवर नजर ठेवणाऱ्या वॉचरला कळलं का? कळलं तर व्हीटच्या सर्व्हरनं वेबसॉकेटवरून, म्हणजे दोघांमधल्या कायम चालू राहणाऱ्या जोडणीवरून, ब्राउझरला निरोप धाडला का? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सॉकेट तर व्यवस्थित जोडलेलं होतं, पण सेव्ह केल्यावर त्यावरून काहीच येत नव्हतं. टर्मिनलही गप्प. म्हणजे गाडी पहिल्याच स्टेशनावर अडली होती.

मग तुम्ही विचारलं, ‘प्रोजेक्ट ठेवलाय कुठं?’ ठेवला होता विंडोजच्या सी ड्राइव्हवर आणि चालत होता डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मधल्या उबुंटू लिनक्समध्ये. फाइल बदलल्याची खबर लिनक्समध्ये आयनोटिफाय देतं, पण विंडोजच्या ड्राइव्हवरच्या बदलांची खबर त्या सीमेपलीकडं पोचत नाही. वॉचर बिचारा जागा होता, त्याला उठवायलाच कुणी येत नव्हतं. पोलिंग चालू करता येतं, म्हणजे वॉचर ठरावीक वेळानं स्वतःच फाइली तपासत राहतो, पण त्यात प्रोसेसर फुकट राबतो. तुम्ही सगळा प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये हलवायला लावला, एनपीएम इन्स्टॉल करून प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस नव्यानं टाकायला लावली, आणि सेव्ह केल्याबरोबर बटनाचा रंग बदलला. मी ओरडलो ते तुम्हाला पुण्यात हेडफोनवर चांगलंच ऐकू गेलं असणार.

माझं काम तिथंच झालं होतं. तुम्हीच थांबला नाहीत. रंगरूपाचं सीएसएस बदललं तर पान जागचं हलत नव्हतं, पण हप्त्यांच्या कंपोनंटमध्ये (पानाचा तो भाग बनवणाऱ्या कोडमध्ये) काही बदललं की फॉर्म पुन्हा पहिल्या टप्प्यावर. त्या फाइलमध्ये कंपोनंटसोबत हप्त्यांचा हिशोब करणारं फंक्शनही एक्स्पोर्ट केलेलं, म्हणजे दुसऱ्या फाइलींना वापरायला बाहेर दिलेलं होतं. फॉर्म रिअॅक्टमध्ये लिहिलेला. भरलेली माहिती न घालवता पान बदलणाऱ्या त्याच्या फास्ट रिफ्रेशला फाइलमधून फक्त कंपोनंटच बाहेर गेलेले लागतात. दुसरं काही दिसलं की ते हात वर करतं आणि भरलेली माहिती जाते. हिशोब वेगळ्या फाइलमध्ये टाकला आणि तिसऱ्या हप्त्याची तारीख बदलली, तरी भरलेलं नाव, मार्क सगळं जागेवर! हे मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सापडलं नव्हतं. कंपोनंटमधल्या हुकांचा (भरलेली माहिती वगैरे सांभाळणाऱ्या रिअॅक्टच्या फंक्शनांचा) क्रम बदलला तर माहिती तरीही जाणार, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत, म्हणून पुढं एकदा तसं झालं तेव्हा घाबरलो नाही.

फोनवर दाखवायची सोय शेवटी केली. डब्ल्यूएसएलचं नेटवर्क मिरर्ड मोडवर, म्हणजे विंडोजच्याच नेटवर्कवर, फायरवॉलमधून वाट, आणि बाहेरच्या फोनलाही पान मिळावं म्हणून व्हीटला होस्टचा पर्याय. सर आता स्वतःचा मोबाइल घेऊन सोफ्यावर बसतात. आमची खुर्ची मोकळी झाली, पण सूचना दुपटीनं वाढल्या. याचा दोष मी तुमच्याच माथी मारणार आहे.

एक काम राहिलंय. गल्प या व्हीटच्या आधीच्या साधनावर चालणारा जुना पीएचपी प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरून हलवता येत नाही, त्याच्यावर दुसराही एक जण विंडोजमधून काम करतो. तिथं पोलिंगच ठेवलंय, दोन तपासण्यांमधलं अंतर वाढवलंय आणि पॅकेजेसचं नोड मॉड्यूल्स हे फोल्डर वगळलंय. पंखा आता कमी घुमतो. याहून बरा उपाय असला तर सांगा.

दिवाळीला उदगीरला जाताना लातूर वाटेतच आहे. पैसे घेणार नसाल तर निदान जेवून जा. आईला आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमच्या भावाचा वर्गमित्र,
लातूर