व्हॅलेन्सियातील अनामिकांचे आभार

वास्तुकलेच्या शिक्षणासाठी स्पेनमधील व्हॅलेन्सियात राहत असताना ज्यांची नावेही विचारायची राहिली, अशा काही जणांचे हे जाहीर आभार.

सर्वांत मोठे ऋण एका वयस्कर गवंड्यांचे. याच शहरात १८४२ साली जन्मलेल्या बांधकामतज्ज्ञ राफाएल ग्वास्ताविनो यांनी पुढे अमेरिकेत नेलेली पातळ विटांची कमानदार छते मी केवळ पुस्तकांत पाहिली होती. परंतु झटपट आवळणारे जिप्सम विटेच्या कडेला लावून, ती क्षणभर हाताने दाबून धरून, खालून सेंटरिंग (तात्पुरत्या आधाराचा साचा) न देता पहिला थर कसा पुढे सरकतो, हे या गवंड्यांनी जेवणाच्या सुट्टीत करून दाखवले. (त्या सुट्टीचे मोल बांधकामावर वावरलेल्यांना वेगळे सांगायला नको.)

१९५७च्या महापुरानंतर वळवलेल्या तुरिया नदीच्या जुन्या पात्रातील उद्यानात मोजमापे घेताना टेपचे दुसरे टोक धरणाऱ्या आजोबांचे, तसेच माझे मोडकेतोडके स्पॅनिश न हसता ऐकून घेणाऱ्या ग्रंथालयातील बाईंचेही मनःपूर्वक आभार.