संगीतकार बिद्दूचं नाव कुठे गेलं?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ऐंशीच्या दशकातल्या डिस्को गाण्यांवरचा लेख वाचला, मजा आली, पण ‘कुर्बानी’ पिक्चरमधलं ‘आप जैसा कोई’ आता फक्त जुन्या आठवणींवर चालतंय असं जे म्हटलंय ते काही पटलं नाही. अहो, आमच्याकडे हळदीला डीजेने हे गाणं लावलं की आधी कॉलेजची पोरं उठतात, त्यांच्या कसल्या आल्यात आठवणी, त्यांच्या आईवडिलांचं लग्नसुद्धा ‘कुर्बानी’ येऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी झालेलं! आणि ठेका असा की मावश्या-काकवापण दम न लागता शेवटपर्यंत नाचतात, नंतरच्या धांगडधिंग्यात त्या बिचाऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात.

गंमत बघा, जुलै १९७९ मध्ये तिकडे शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवल्या, म्हणजे डिस्कोचं तेरावं घालायला निघाले होते, आणि १९८० ला आपल्याकडे फिरोज खानच्या याच ‘कुर्बानी’मधून तेच डिस्को घराघरात शिरलं. गायली कोण, तर कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी जेमतेम १५ वर्षांची नाझिया हसन. लता-आशाच्या जमान्यात हा असा थोडा नाकातला, थोडा बेफिकीर शाळकरी आवाज, ना हरकती ना ताना, कुठे उगाच वर चढवायचं नाही. हेडफोन लावून नीट ऐका, तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवलाय, त्यामुळे एकाच वेळी दोन नाझिया गातायत असं वाटतं, आणि खाली बेस आपला निवांत चालत राहतो. सोसायटीच्या कराओकेत लताबाईंचं गाणं घ्यायला माणूस दहादा विचार करतो, हे मात्र कोणीपण घेतं आणि निभावून नेतं. माझ्या मते गाणं टिकलंय ते यामुळे. पडद्यावर झीनत अमान होतीच, पण नाचणाऱ्या पोरांपैकी कितीजणांनी तो पिक्चर बघितलाय?

२०२२ मध्ये त्याचा रिमिक्स आला, सगळं ठासून भरलं आणि तो निवांतपणाच काढून टाकला. डीजे आजही जुनंच लावतो, काय ते समजा.

आता खरी तक्रार. लेखाच्या चौकटीत या गाण्यापुढे ‘संगीत: कल्याणजी-आनंदजी’ एवढंच छापलंय. रेडिओवर तेच, ऑर्केस्ट्राचे निवेदकही तेच म्हणतात. पिक्चरचं संगीत त्यांचं आहे, ‘लैला ओ लैला’ त्यांचंच, त्याबद्दल वादच नाही, पण हे एक गाणं बिद्दूचं आहे! बंगळुरूचा हा माणूस साठच्या दशकात इंग्लंडला गेला, १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’ त्यानेच प्रोड्युस केलं, ते ब्रिटन-अमेरिकेत दोन्हीकडे एक नंबरला गेलं. फिरोज खानने मुद्दाम त्याला गाठून हे गाणं लंडनमध्ये करून घेतलं. पुढे नाझियाचा ‘डिस्को दीवाने’ अल्बमही त्याचाच आणि १९९५ चं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ पण त्याचंच. म्हणजे लागोपाठ दोन पिढ्यांना नाचवणारा माणूस आणि आपल्याकडे नाव विचारलं तर शंभरातल्या दोघांनाही सांगता येणार नाही. नाझियाला निदान फिल्मफेअर तरी मिळालं, बिचारी ऑगस्ट २००० मध्ये अवघ्या ३५ व्या वर्षी कॅन्सरने गेली.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, कोपऱ्यात बारीक टायपात नको, त्याच पानावर तशीच चौकट करून बिद्दूचं नाव टाका.

– आपला नेहमीचा वाचक, डोंबिवली