आधी घराचा नकाशा काढा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गॉथिक अद्भुत प्रेमकादंबऱ्या, म्हणजे जुने गूढ घर, जादू आणि प्रेमकथा एकत्र आणणारी पुस्तके, आता मुंबईत लोकलच्या डब्यातही वाचली जाताना दिसतात. मात्र त्या हौसेने घेणारे पुष्कळ जण शंभरेक पानांत पुस्तक मिटतात आणि भीतीच वाटली नाही, अशी तक्रार करतात. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांवर पोसलेला वाचक धक्क्याची वाट पाहत बसतो, आणि अशी चारशे पानांची कादंबरी तर सुरुवातीची कितीतरी पाने घराची ओळख करून देण्यातच घालवते. त्या पानांवर घाई केली की पुढचे सगळे फसते.

'गॉथिक' हा शब्द कादंबरीच्या आधी इमारतींना लागला. होरेस वॉलपोलने १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीवर 'अ गॉथिक स्टोरी' अशी ओळ घातली. हाच गृहस्थ लंडनजवळ ट्विकनहॅमला स्वतःचे राहते घर टोकदार कमानींनी सजवत होता. मुंबईकराला हे चित्र लांबचे नाही. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, त्याखालच्या ग्रंथालयाचे गोल जिने, रंगीत काचांतून गाळून आत येणारा उजेड हे एकदा नीट पाहिले, तर घरात शिरताना नायिकेचे पाऊल का अडखळते ते समजते.

म्हणून पुस्तकात एक कोरा कागद ठेवावा आणि त्यावर पेन्सिलीने घराचा आराखडा काढावा. मुख्य दार, जिना, जेवणघर, नायिकेची खोली आणि जिथे जायला मनाई आहे ती खोली. प्रत्येक दारापाशी किल्ली कोणाकडे आहे, तेही लिहावे. प्रवासात वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचणाऱ्यांचे इथेच बिनसते. दोन दिवसांनी पुस्तक उघडले की बंद खिडकी कोणत्या बाजूला होती ते आठवत नाही, आणि त्या खिडकीवर बेतलेला पुढचा प्रसंग कोरडा जातो. पहिली पन्नास-साठ पाने तरी घरी, एका बैठकीत वाचावीत.

दुसरी नोंद अद्भुताच्या व्यवहाराची. ॲन रॅडक्लिफच्या १७९४ च्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'त भुताटकीचा उलगडा शेवटी साध्या कारणांनी होतो. आजच्या अद्भुत कादंबरीत जादू बहुधा खरीच असते, त्यामुळे 'हे खरे की भास?' याचा तपास करण्यात वेळ फुकट जातो. त्याऐवजी समासात तीन गोष्टी टिपाव्यात: जादूने काय मिळाले, बदल्यात काय गेले, मुदत कधी संपते. शेवटच्या प्रकरणात काहीच किंमत न मोजता शाप उतरला, तर लेखकाने स्वतःचाच नियम मोडला असे खुशाल म्हणावे.

तिसरी बाब प्रेमाची. प्रेमकादंबरीत दोघे शेवटी एकत्र येणार हे ठरलेलेच असते. पाहायचे ते हे, की नायिकेला त्या घरातून निघून जाता येते का. शार्लट ब्रॉन्टीच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) जेन नायकाचे थॉर्नफील्ड हे घर सोडते. पुढे तिला काकांचे वीस हजार पौंड मिळतात, ती त्याचे चार सारखे वाटे करते आणि परतते तेव्हा ते घर जळून गेलेले असते. पैसा, किल्ली आणि बाहेरची वाट या तिन्ही गोष्टी अखेरपर्यंत नायकाच्याच मुठीत राहत असतील, तर त्या पुस्तकात जाचालाच प्रेम म्हटले आहे, मग नायक कितीही रुबाबदार असो.

अनुवादांबद्दल आम्हाला विशेष तळमळीने लिहायचे आहे. 'मॅनर'ला, म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या मोठ्या घराला, 'वाडा' म्हटले की मराठी वाचकापुढे ओसरी, चौक, तुळशीवृंदावन उभे राहते. वाडा मधोमध आभाळाला उघडा असतो, त्यात माणसांचा राबता असतो. लांबच लांब बंद वऱ्हांडे आणि एकामागे एक लागलेली दारे हवीत तिथे त्या चौकातले ऊन शिरते आणि सगळा कोंदटपणा निघून जातो. 'गढी' हा शब्द त्यामानाने जवळचा. भुतांचेही तेच. मुंजा पिंपळावर राहतो, समंध पुरलेल्या धनाची राखण करतो. आपल्याकडे प्रत्येकाचे घराणे वेगळे, त्यामुळे परक्या आत्म्याला यातले नाव दिले की त्याची सगळी कुळकथा मागोमाग येते. तिथे साधे 'भूत' बरे.

सर्वांत नाजूक जागा 'तू' आणि 'तुम्ही'ची. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे निर्णय अनुवादकाला करावा लागतो. नायक नायिकेला 'तू' म्हणतो आणि ती अखेरपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिली, तर मूळ पुस्तकात तिने मिळवलेली बरोबरी मराठीत नाहीशी होते. 'दार उघडा' म्हणणारी नायिका ज्या रात्री 'दार उघड' म्हणते, तिथे एक काना गळतो आणि दोघांतले नातेच पालटते. ही जागा अनुवादकाने पहिले पान लिहिण्याआधी शोधून ठेवायला हवी.

आपल्या पुस्तक-पानावर अशा कादंबऱ्यांची परीक्षणे यावीत, ही विनंती. त्यांत पुस्तक स्वतंत्र आहे की मालिकेचा पहिला भाग, हे आवर्जून लिहावे, कारण पहिला भाग अनेकदा ऐन मध्यावर थांबतो. शृंगार व हिंसा कोणत्या वयाला झेपेल तेही असावे. मुखपृष्ठावरचे गुलाब आणि किल्ले पाहून पालक चौदा वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक उचलतात आणि आतला मजकूर प्रौढांसाठीचा निघतो. आणि अनुवाद असेल, तर नायिका नायकाला 'तू' म्हणते की नाही, एवढे एक वाक्य जरूर छापावे.

आपले,
एका वाचक मंडळाचे सदस्य,
गिरगाव, मुंबई