नदीकाठी टेंट लावताय? रात्री पाण्याकडे कोण बघणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी टेक्सासमधे डॅलसजवळ राहते आणि तुमचा पेपर रोज फोनवर वाचते. पत्र लिहायचं कारण असं की मे महिना आला की तुमच्या वाचकांपैकी कितीतरी आई-बाबा इकडं मुलांकडं राहायला येतात आणि नेमके तेव्हाच इकडच्या मराठी ग्रुप्समधे कॅम्पिंगचे बेत सुरू होतात. दहा-पंधरा फॅमिली, पन्नासेक माणसं, त्यात दोन वर्षांचं पोर पण असतं आणि सत्तरीच्या आजी पण, आणि जागा कुठली हवी तर नॅशनल फॉरेस्टमधली, डोंगरातली, अगदी नदीला लागून. ग्रुप साइटचं बुकिंग सरकारी वेबसाइटवर कित्येक महिने आधी करून ठेवावं लागतं, चांगल्या जागा पटापट जातात, आणि नदीकाठचीच जागा मिळाली की ग्रुपवर सगळे खूश.

हा बेत मला मनापासून आवडतो हे आधीच सांगते. इथं वाढणाऱ्या मुलांना एरवी चुलत-मावस भावंडांची गर्दी मिळत नाही, ती तिथं मिळते. सकाळी झाडाखाली प्रोपेनच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात पोहे होतात, कुणाची तरी सासू सगळ्यांना चहा देते, संध्याकाळी शेकोटीभोवती अंताक्षरी. त्यामुळं कॅम्पिंगला जाऊ नका असं सांगायला हे पत्र नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप जेवढा मोठा तेवढी नदीकडे बघायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आपल्याकडं सगळ्याची शीट असते, कांदे कोण आणणार, इडलीचं पीठ कुणाकडं, बर्फ कोण घेणार, मुलांचे खेळ कोण घेणार, अगदी मीठ कुणी आणायचं हे पण लिहिलेलं असतं. पण हवामान कोण बघणार, नदीच्या वरच्या अंगाला पाऊस आहे का हे कोण बघणार, रात्री दोनला पाणी चढलं तर कुणी कुणाला उठवायचं, असा कॉलम मी आजवर एकाही शीटमधे बघितलेला नाही. प्रत्येकाला वाटतं ज्याने बुकिंग केलं त्याने बघितलं असेल, आणि बुकिंग करणाऱ्याला वाटतं सरकारी कॅम्पग्राउंड आहे, जागा धोक्याची असती तर त्यांनी दिलीच कशाला असती.

या शेवटच्या वाक्यासाठी मला अल्बर्ट पाइक या कॅम्पग्राउंडची गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्या डॅलसकडची मंडळी ज्या वॉशिटा नॅशनल फॉरेस्टमधे जातात त्याच जंगलातली ती आहे आणि नवीन आलेल्या बऱ्याच जणांना ती माहितीच नसते.

आर्कान्सामधे लिटल मिसूरी नावाची एक छोटी नदी आहे, डोंगरातून येणारी, नितळ, उन्हाळ्यात पोरं गुडघाभर पाण्यात खेळतात अशी. तिच्या काठावर फॉरेस्ट सर्व्हिसचं अल्बर्ट पाइक नावाचं कॅम्पग्राउंड होतं. ११ जून २०१० ची पहाट, शाळांना सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळं टेंट आणि कॅम्पर गाड्यांमधे फॅमिलीच फॅमिली झोपलेल्या. वर डोंगरात धो धो पाऊस झाला. तिथली जमीन खडकाळ, उतार तीव्र, दरी अरुंद, म्हणजे पाणी मुरायला जागाच नाही, पडलं तेवढं सगळं सरळ नदीत. जवळच्या मापकावर रात्री दोनच्या सुमारास पाणी चार फुटांच्या आत होतं आणि पहाटे साडेपाचपर्यंत ते तेवीस फुटांच्या वर गेलं. सगळ्यात जोरात चढत होतं तेव्हा एका तासात आठ फूट या वेगाने. हवामान खात्याने दोनच्या सुमारास इशारा दिला होता, तो बरोबरच होता, पण त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती आणि माणसं झोपलेली होती. इशारा ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. लोकांना जाग आली ती टेंटमधे पाणी शिरल्यावर, कुणी अंधारात झाडांना धरून राहिले, आणि वीस माणसं गेली, त्यात लहान मुलं पण.

सगळ्यात जास्त माणसं जिथं गेली तो लूप डी नावाचा भाग पूररेषेच्या आतच बांधलेला होता. म्हणजे सरकारी जागा, पैसे भरून घेतलेली, पण पूररेषेच्या आत. त्यानंतर तिथला रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तो वर्षानुवर्षं बंद राहिला. त्या रात्री तिथं नेमके किती लोक होते याचा हिशेब लागायला पण खूप वेळ गेला. हे वाचल्यापासून आमच्या ग्रुपमधे कोण कुठल्या टेंटमधे झोपलंय याची यादी कागदावर लिहून एक प्रत गाडीत ठेवायची आणि एक घरी राहिलेल्या कुणाला तरी पाठवायची, असा आग्रह मी धरते. काहीजणांना ते जास्तीचं वाटतं, वाटू दे.

कुणी म्हणेल २०१० ची गोष्ट, जुनी झाली. तर मग गेल्याच वर्षीची, ४ जुलै २०२५ ची, ती नॅशनल फॉरेस्ट नाही पण आमच्या टेक्सासमधलीच, ग्वाडालुपे नदीची. सुट्टीचा दिवस, पहाटेची वेळ, नदीकाठी कॅम्प आणि रिसॉर्ट भरलेले. नदी पाऊण तासात सव्वीस फूट चढली असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्या पुरात टेक्सासमधे एकशे तीसच्या वर माणसं गेली, त्यात कॅम्प मिस्टिक या मुलींच्या समर कॅम्पमधल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सेलर मिळून सत्तावीस जणी. तेव्हा महाराष्ट्रातून किती घरांमधून काळजीचे फोन आले असतील ते मला माहिती आहे, आमच्याकडं पण आले. दोन्ही वेळा तेच, पहाट, झोपलेली माणसं, वर कुठंतरी पडलेला पाऊस.

आता करायचं काय, तर यातलं काहीच अवघड नाहीये आणि खर्चाचं पण नाहीये. पहिलं म्हणजे एक माणूस नावानिशी ठरवा, फक्त पाण्यासाठी, त्याला दुसरं काम देऊ नका, पोहे पण नको. त्याने निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी हवामान बघायचं, पण कॅम्पच्या जागेचंच नाही तर नदी जिथून येते त्या डोंगराचं. इथल्या बऱ्याच नद्यांची पातळी सरकारी भूगर्भ खात्याच्या (USGS) साइटवर तासातासाला दिसते, ती बघायची सवय लावायची. आणि रेंज असलेल्या शेवटच्या गावात थांबून परत एकदा बघायचं, कारण पुढं काही दिसणार नाही. वरच्या भागाला फ्लॅश फ्लड वॉच, म्हणजे अचानक पूर येऊ शकतो अशी सूचना असेल तर त्या रात्री नदीकाठी झोपायचंच नाही. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत, पन्नास माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात बघा. हे तोंडावर सांगणारा माणूस ग्रुपमधे पाहिजे आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं पाहिजे, नाहीतर तिथं पोचल्यावर "एवढं लांब आलोय, काही होत नाही" सुरू होतं आणि एकट्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

दुसरं, पोचल्या पोचल्या टेंट ठोकायच्या आधी उजेडात वर जायची वाट शोधायची. रस्ता नाही म्हणत मी, चढ. कोलोरॅडोमधे ३१ जुलै १९७६ च्या रात्री बिग थॉम्पसन दरीत असाच पूर आला होता, एकशे चाळीसच्या वर माणसं गेली, आणि त्यातले बरेचजण गाडीने दरीतून बाहेर पडायला बघत होते. जे गाडी सोडून डोंगराच्या कडेने वर चढले ते वाचले. त्यानंतर तिथल्या दऱ्यांमधे रस्त्याच्या कडेला पाट्या लावल्या, पूर आला तर वर चढा अशा. आम्ही सगळ्यांना घेऊन ती वाट एकदा चालून बघतो, आजी-आजोबांना पण घेऊन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंधारात, ओल्या मातीवर किती वेळ लागेल, त्यांच्याबरोबर कोण असेल, लहान मुलाला कोण उचलेल हे तेव्हाच ठरतं. ज्यांना चढता येत नाही त्यांचे टेंट सगळ्यात वर लावायचे. आपण नेमकं उलटं करतो, बाबांना नदी दिसावी म्हणून त्यांचा टेंट पाण्याजवळ देतो, प्रेमानेच देतो, पण रात्रीचा विचार करत नाही. आणि वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवतं आणि दोन फुटांत एसयूव्ही पण वाहून जाते.

तिसरं स्पीकरचं. रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडवर शांतता पाळायचा नियम असतोच, शेजारच्यांसाठी तो आहे, पण मला त्यात नदीचा पण विचार वाटतो. पाणी चढायला लागलं की आवाज बदलतो, वरून दगड गडगडत येतात, पाणी गढूळ होतं, काड्या-पाला वाहत येतो. आपल्या कोकणात आणि मावळात जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. ब्लूटूथ स्पीकर मोठ्याने चालू असेल तर यातलं काही ऐकू येणार नाही, आणि गाणी बंद करून सगळे झोपतात तेव्हा ऐकायला कुणी जागं नसतं. पावसाची शंका जरी असेल तरी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, पन्नास माणसांत चारजण सहज मिळतात. काठावर एक काठी रोवून ठेवायची आणि टॉर्चने पाणी कुठं आलंय बघायचं, एवढंच काम आहे.

पश्चिमेकडं, म्हणजे कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, कोलोरॅडोकडं राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या डोंगरी नद्या मे-जूनमधे बर्फाच्या पाण्याने भरतात. दिवसभर ऊन पडून वर बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते, म्हणजे पाऊस नसताना पण दुपारी जिथून चालत पलीकडं गेलात तिथून रात्री परत येता येईलच असं नाही. आणि ते पाणी इतकं गार असतं की स्विमिंग पूलमधे छान पोहणारा माणूस पण दम कोंडून गांगरतो. मुलांना पोहायला येतं या भरवशावर तिथं राहू नका.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते कारण ते बहुतेकांना माहिती असतं पण होत नाही. मोकळ्या जंगलात, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या बाहेर राहणार असाल तर पाण्यापासून दोनशे फूट लांब राहा, भांडी नदीत घासू नका, साबण कितीही नैसर्गिक लिहिलेला असला तरी नको. तळणीचं तेल परत घरी न्या. पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर नॅशनल फॉरेस्टमधे आधी परमिट लागतं, ते पण मंडळांनी लक्षात ठेवावं. दोनशे फुटांचा नियम नदीसाठी केलाय पण आपला जीव पण त्यानेच वाचू शकतो.

तिकडचं पण मला रोज वाचायला मिळतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आमच्या इथल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला आणि प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली. भंडारदऱ्याला, कोलाडला, कर्जतला नदीकाठी टेंटचे कॅम्प आता खूप झालेत. कोलाडला तर कुंडलिकेचं राफ्टिंगच वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर चालतं, म्हणजे आभाळ स्वच्छ असताना पण नदी वाढते. तिथं टेंट लावून देणाऱ्याला तुमच्या वाचकांनी जेवणात काय आहे हे विचारण्याआधी, पाणी कधी सोडतात, तुम्हाला ते कोण कळवतं, आणि रात्री तुमचा कुठला माणूस जागा असतो, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नीट आलं नाही तर दुसरीकडं जावं.

आणि ज्या आई-बाबांची या उन्हाळ्याची तिकिटं झालीत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा किंवा सून कॅम्पिंगचा बेत सांगेल तेव्हा औषधं आणि स्वेटर भरता भरता एवढं नक्की विचारा, की टेंट पाण्यापासून किती वर आहे आणि रात्री बघणार कोण. आम्ही मुलं तुमच्यापुढं चार गोष्टी जास्त शिकलो असू, पण तुम्ही विचारलंत तर शीटमधे तो कॉलम त्याच दिवशी येईल. आमच्या ग्रुपची शीट मी मराठीत करून ठेवली आहे, पाण्याच्या जबाबदारीच्या कॉलमसकट. तुम्हाला योग्य वाटलं तर तुमच्या पुरवणीत छापायला पाठवते.

आपली,
एक वाचक, डॅलस (टेक्सास)