रुग्णवाहिकेचे तिकीट कोण फाडणार?

महोदय,

मी एसटीचा निवृत्त वाहक. तीस वर्षे एकेका रुपयाचा हिशेब दिला, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात मध्यरात्री पत्नीच्या छातीत दुखू लागले. 108 या सरकारी रुग्णवाहिका सेवेला फोन लावला. ही सेवा मोफत. 2014 मध्ये राज्यात 937 गाड्यांनिशी सुरू झाली, पैसे सरकार ठेकेदाराला देते. पण आमच्या भागातली गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. "तासभर लागेल," म्हणाले. शेवटी खासगी गाडी बोलावली. पाटण ते कराड, उणेपुरे चाळीस किलोमीटर.

दवाखान्याच्या दारात चालकाने साडेचार हजार मागितले. ऑक्सिजनचे वेगळे, परतीच्या रिकाम्या फेरीचेही. स्ट्रेचर अजून गाडीतच होते. घासाघीस कोण करणार? पावती मागितली, तर औषधाच्या पाकिटामागे पेनाने नुसता आकडा लिहून दिला. ना गाडीचा नंबर, ना सही. आमच्या काळात असे तिकीट दिले असते, तर तपासनीसाने जागेवर निलंबित केले असते.

खासगी रुग्णवाहिकांचे दर परिवहन प्राधिकरण ठरवते. मग तो तक्ता रुग्ण झोपतो तिथे, गाडीच्या आत का लावत नाहीत? एसटीत भाड्याची विचारणा झाली, तर दाखवायला तक्ता असायचाच. छापील पावतीही सक्तीची हवी. आणि 108 ची गाडी नसेल, तेव्हा खासगी गाडीचे बिल 108 साठीच्याच सरकारी पैशांतून द्यावे.

पत्नी आता बरी आहे. पाकीट जपून ठेवले आहे.

— एक निवृत्त वाहक, ता. पाटण, जि. सातारा