आजीचे चौकोन शिवायला घेतले आहेत

पणजी

ति. आई आणि बाबांना सा. न.

आई, पेटी मी उघडली. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच “राहू दे गं” म्हणाली असतीस आणि मी गप्प बसले असते. म्हणून काम हाती घेतल्यावरच लिहिते आहे. आजीच्या भरतकामाच्या चौकोनांची गोधडी होणार. एकच, अखंड. उशांचे अभ्रे करून सगळ्यांना दोन-दोन द्यावेत असं आत्याचं म्हणणं होतं; मला पटलं नाही. आजीने ते गोधडीसाठीच भरले होते. वाटणी घराची झाली तेवढी पुरे.

आत्ताच का, असं विचारशील. पत्र्याच्या पेटीला पावसात आतून घाम सुटतो. घड्यांवर गंजाचे डाग पडले होते, देवकीकृष्णाच्या चौकोनावर बुरशीची काळी टिंबं होती. आणखी थोडे पावसाळे गेले असते तर कापड घडीवरच विरलं असतं. गंजाला लिंबू-मीठ चोळून उन्हात टाक, असं तू म्हणशील. ते मी केलं नाही. हे 1961 च्या आधीचं सूत आहे, त्याला आंबटही झेपत नाही आणि ऊनही. डाग राहिले तर राहू देत.

जास्वंदीच्या लाल धाग्याची भीती होती. पांढरं ओलं फडकं दाबून पाहिलं, गुलाबी ठसा उमटला, म्हणून तो चौकोन पाण्यात घातलाच नाही. बाकीचे थंड पाण्यात सौम्य साबणाने हलके धुतले, न पिळता टॉवेलवर पसरून सावलीत वाळवले. इस्त्री उलट्या बाजूने केली, खाली जाड टॉवेल घेऊन. आजीचे गाठीचे टाके जराही चेपले नाहीत, बोट फिरवलं की अजून टपोरे लागतात.

तिचे सहा पदरी धागे सोडवून द्यायचं काम माझं असायचं. ती दोन पदर घ्यायची, उरलेले मी गळ्यात घालून मिरवायची. बाबा, तुम्ही मला ‘धागेवाली’ म्हणायचात.

तुळशी वृंदावनाचा चौकोन अर्धाच आहे. निळ्या रेघा तशाच, साखळी टाका पायरीवर थांबलेला. तो मी भरला नाही आणि तूही भरू नकोस, आई. तो तसाच बरोबर मध्ये बसणार आहे.

चौकोन एका मापाचे नाहीत, पण कापले एकही नाहीत. मधल्या पांढऱ्या पट्ट्या कमीजास्त रुंद घेऊन माप जुळवलं. विरलेल्या चौकोनांना मागून मलमलीचा आधार दिला. अस्तराला आजीची मऊ झालेली साडी, आत एकच पातळ सुती थर. भरतकामावरून धावदोरा नाही, फक्त कोपऱ्यांवर गाठी. त्यामुळे ती अगदी हलकी होईल. बाबा, तुमच्या गुडघ्यांवर भार येणार नाही.

ही गोधडी तुला स्वतः जोडायची होती, हे मला ठाऊक आहे. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून सुईत धागा ओवायला तू बाबांना हाक मारतेस. हे बाबांनीच सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस. तुझा टाका अजूनही माझ्यापेक्षा सरळ येतो, म्हणून कडेचा गोट तुझ्यासाठी ठेवला आहे. जाड सुई, मोठा टाका, खिडकीपाशी, दिवसाउजेडी. रात्री दिव्याखाली मुळीच बसायचं नाही. मागे आजीचं नाव आणि गाव माशेल, एवढं मी भरेन.

चतुर्थीच्या आधी घेऊन येते. मग ती पेटीत जायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीतही नाही. सुती चादरीत गुंडाळून लाकडी कपाटात ठेवायची, कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून बाजूला. मधूनमधून घडी बदलायची, त्याच रेषेवर नको. आणि नुसती ठेवून देऊ नकोस गं. पाऊस लागला की संध्याकाळी पायांवर घे. आजीला तेच आवडलं असतं.

बाबा, रिकामी पेटी ठेवायला माळ्यावर चढू नका, मी आले की बघते. साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्या. आई, डोळ्यांतले थेंब चुकवू नकोस. आत्याला मीच फोन करते, तोवर तू तिच्याशी यावर काही बोलू नकोस.

तुमची,
बाय